पाय न विचारता गेला

माझे सासरे अप्पाराव अंगणात पडले, नळाजवळ, सकाळी तोंड धुताना. आमच्या घरात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या, म्हणून मीही तसंच म्हणते. मी आत डबे भरत होते. विजयनगरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि बस चुकली की पहिला तास बुडतो, त्यामुळे त्या वेळी माझं दुसऱ्या कशाकडे लक्ष नसतं. बादली लवंडल्याचा आवाज आला. बाहेर आले तर मामा फरशीवर उताणे पडलेले, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. नळ चालूच होता आणि पाणी त्यांच्या खांद्याखालून वाहत गटारीकडे चाललं होतं. त्यांना सगळं कळत होतं, ते माझ्याकडेच बघत होते. फक्त हलत नव्हते.

पवननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लगेच गाडी काढली. औषध वेळेत मिळालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, तुम्ही लवकर आणलंत म्हणून बरं. जीव वाचला, बोलणंही हळूहळू जागेवर आलं. डावा हात आणि डावा पाय मात्र मागे राहिले.

मामा कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं घराणं मराठी रंगाऱ्यांचं, कानडी मुलखात स्थिरावलेलं. कापड रंगवणं आणि लाकडी ठशांनी छापणं हा पिढ्यांचा धंदा. आता पवन फ्लेक्सचे फलक छापतो, पण मामांनी हाताला रंग लागलेल्या माणसाचंच आयुष्य काढलं. उंच, सडपातळ माणूस. सरस्वतीपुरमच्या या घराच्या गच्चीवर तेव्हा वाळवणीच्या उंच दांड्या होत्या. ओली साडी खांद्यावर टाकून मामा गच्चीच्या कठड्यावरून चालत जायचे आणि तिचं टोक पार वरच्या बांबूला अडकवायचे. कठडा वीतभर रुंद. आत्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा ते बघून त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते म्हणे. मामा वरून म्हणाले होते, "अगं, डोळे उघड. मला बघायला कुणी नसलं तर मी पडेन."

असा माणूस दवाखान्यातून घरी आला आणि हॉलमधल्या काळ्या पट्टीपाशी थांबला. आमच्या फरशीला कडेनं एक काळी पट्टी आहे, एवढंच. त्यांना तो खड्डा वाटायचा. पट्टी आहे हे ठाऊक होतं, तरी पाय उचलायचा नाही. फरशी पुसली की ओल जाईपर्यंत पलंगावरून उतरायचे नाहीत. फ्रिजचा दांडा, दाराचा पडदा, खिडकीचे गज, जे हाताला येईल ते धरायचे. कुणी शेजारून झपकन गेलं तरी अंग चोरायचे. आत्यांच्या मनगटाच्या वरच्या बाजूला निळे डाग पडले होते, मामांच्या बोटांचे. आत्या बाह्या ओढून घ्यायच्या आणि कुणाला दाखवायच्या नाहीत. पुढे पुढे ते पाणीच कमी पिऊ लागले. का, तर बाथरूमला जायला नको. ते कळलं तेव्हा पवन त्यांच्यावर चिडला, मग गॅलरीत जाऊन उभा राहिला.

दवाखान्यातून आल्यावर ते एकदाही पडले नव्हते, हे विशेष. पडण्याची भीती मात्र घरात एखाद्या पाहुण्यासारखी मुक्कामाला आली होती. सगळे तिच्या सोयीनं वागत होतो.

व्यायाम करून घ्यायला ईश्वरी यायची. जयलक्ष्मीपुरमहून स्कूटरवर. तिशीची, ठेंगणी, बोलायला थेट. ती कानडी बोलायची, आम्ही नेहमीसारखे निम्मे कानडी निम्मे मराठी. तिनं मामांना पलंगावर झोपवून पायाला हातानं दाब दिला, मग दुसरीकडून दिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पायात जोर आलाय. मी ढकलते तर तो मला उलट ढकलतोय. पण उभे राहिले की हे त्याला काही करूच देत नाहीत."

कितीतरी दिवस तेच. स्वयंपाकघरातला ओटा धरून आडवं सरकायला सांगितलं की मामा ओट्याला बिलगून उभे. कपाळावर घाम. "निधान, अंकल, निधान," ती म्हणायची. हळू. पण हळू जाण्याइतकंही ते जात नव्हते.

एक दिवस तिनं व्यायाम थांबवला आणि त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. "अंकल, खरं सांगा. कशाची भीती वाटते? हाड मोडेल याची?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली. मग डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी पडताना मी या हाताला म्हटलं, टेक. तोंडानं नाही, मनात. आला नाही. जन्मभर माझा हात. न सांगता यायचा. त्या दिवशी सांगूनसुद्धा आला नाही." नजर पायाकडे नेत म्हणाले, "आता या पायाला मी कुठल्या भरवशावर सांगू, चल म्हणून?"

आत्या दारात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. आम्ही इतके दिवस काठी, पट्टे, रबरी चटया आणत होतो, आणि हे कुणी विचारलंच नव्हतं.

ईश्वरीनं समजूत घातली नाही. येईल, होईल, धीर धरा, असलं काही म्हणाली नाही. तिनं विचारलं, "अंकल, तुम्ही उभ्यानं काम करायचात की बसून?"

"उभ्यानं," मामा म्हणाले. "छापणारा बसेल कसा?"

"कुठे उभे राहायचात?"

मामांनी मागच्या शेडकडे हात केला.

मागच्या शेडमध्ये छापाचं लांब टेबल होतं. अजूनही आहे. शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वर गोणपाटाचे आणि जुन्या कापडाचे थर ताणून बसवलेले. मामांच्या वडिलांनी ते करून घेतलं होतं, मुलगा उंच निघाला म्हणून टेबलाच्या पायांना ठोकळे लावून उंची वाढवली होती. काम बंद झाल्यापासून त्याच्यावर पाण्याचे रिकामे कॅन, मोडकी खाट, पवनच्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या. ईश्वरीनं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, उंची बघितली आणि म्हणाली, "याच्याइतकं चांगलं साधन माझ्याकडे नाही. रिकामं करून ठेवा."

रविवारी पवननं आणि मी शेड झाडली. आत्यांनी कुठूनतरी ठशांची पेटी काढली. शिसवी लाकडाचे ठसे, रंग पिऊन काळे पडलेले. कोयरी, वेल, बुट्टे. त्यांनी लाल रंग कालवला, तबकात जाड कापडाची घडी ठेवून त्यावर ओतला, आणि जुनं पांढरं धोतर टेबलावर ताणून टाचण्या लावल्या. मी म्हटलं, "आत्या, नुसतं उभं राहायचं आहे हो त्यांना."

"रिकाम्या टेबलापाशी कशाला उभे राहतील?" त्या म्हणाल्या.

शेडपर्यंत मामांना आणणं हेच एक काम झालं. एका बाजूनं पवन, दुसऱ्या बाजूनं ईश्वरी, मध्ये उंबऱ्यापाशी केवढा तरी वेळ. शेवटी ते टेबलाच्या कडेला कंबर टेकून उभे राहिले. खुर्ची मागे लावूनच ठेवली होती. ईश्वरी त्यांच्या पाठीशी, हात लावलेला नाही पण तयार, आणि तिच्या शेजारी मी.

मामांनी धोतराकडे बघितलं. एक सुरकुती होती, ती उजव्या हातानं सपाट केली. मग पेटीतून कोयरीचा ठसा उचलला, रंगात टेकवला, उचलून बघितला, परत टेकवला, आणि कापडाच्या कोपऱ्यावर नीट बसवला. आता त्यावर डाव्या हाताची मूठ आपटायची असते. एका हातानं ठसा धरायचा, दुसऱ्यानं ठोकायचा, तेव्हा रंग उठतो. डावा हात तसाच लोंबत होता. मामा ठसा धरून उभे. त्यांचा चेहरा बघवेना.

समोरच्या बाजूनं आत्या पुढे झाल्या. टेबलावर वाकल्या आणि त्यांनी ठशावर मूठ मारली. ठप.

मामांनी ठसा उचलला. खाली लाल कोयरी. त्यांनी ठसा रंगात बुडवला, पहिल्या कोयरीच्या शेपटीला जोडून दुसरी बसवली. ठप. पुन्हा रंग. पुन्हा जोड. ठप. आता हात पुरेना, कोयरी पुढे गेली होती. आणि मामांचा डावा पाय फरशीवरून सरकला. आडवा, थोडासा. उजवा त्याच्यामागून आला.

ईश्वरीनं माझं मनगट पकडलं. "नोडी," ती पुटपुटली. बघा.

मामांचं पायाकडे लक्षच नव्हतं. त्यांचे डोळे कोयरीच्या शेपटीवर होते, जोड चुकू नये म्हणून. ठप. पाय सरकला. ठप. दुसरा सरकला. आत्या पलीकडून त्यांच्याबरोबर सरकत होत्या. तबक टेबलावरून पुढे ढकलायचं काम पवन करत होता, आणि ते करताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हे त्यालाच माहीत नव्हतं. शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. मी देवळात कधी अशी उभी राहिले नसेन.

टेबल संपलं. मामांनी पुढची कोयरी ठेवायला हात नेला तर पुढे भिंत. त्यांनी वर बघितलं. मागे वळून खुर्ची शोधली. खुर्ची पार त्या टोकाला होती. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मी इथं कसा आलो?"

"चालत," आत्या म्हणाल्या.

"कोण चाललं?"

ईश्वरीनं खुर्ची आणली, मामा बसले, आणि कितीतरी वेळ आपल्या डाव्या पायाकडे असे बघत राहिले, जणू तो आत्ताच कुठूनतरी घरी परतला होता. मग म्हणाले, "मी त्याला सांगितलं नव्हतं. देवाशप्पथ सांगितलं नव्हतं. विचारलंसुद्धा नाही."

मी दर वर्षी फळ्यावर मेंदूचं चित्र काढते. रंगीत खडूनं भाग पाडते, हा चालण्याचा, हा तोलाचा, हा बोलण्याचा. मुलं वहीत उतरवून घेतात. त्या दिवशी मला वाटलं, मी इतकी वर्षं एखाद्या मोठ्या देवळाची बाहेरची भिंतच दाखवत आले. मी ईश्वरीला विचारलं, हे कसं झालं? ती म्हणाली, "जन्मभर पडलेली वाट असते. एक रस्ता बंद झाला की मेंदू दुसरीकडून शोधतो. असं आम्हाला शिकवलंय." मग स्कूटरची किल्ली हातात फिरवत म्हणाली, "पण शिकवलंय म्हणून आश्चर्य वाटायचं थांबत नाही, टीचर."

सगळं त्या दिवसापासून सुरळीत झालं, असं नाही. टेबलापाशी पाय जात होता, पलंगापाशी अडत होता. "विचारलं की अडतो," मामा म्हणायचे. मग आत्या पुढे होऊन भिंतीवर तळहात मारायच्या, ठप, ठप, आणि मामा काठी घेऊन त्या आवाजामागून बाथरूमपर्यंत जायचे. शेजारच्यांना वाटलं आमच्याकडे सुताराचं काम निघालंय. जुनी धोतरं संपली, मग चादरी, मग माझ्या दोन सुती ओढण्या. पहिल्या पहिल्या रांगा वाकड्या होत्या, वेल मध्येच तुटलेली. मामांना ते खपत नसे. "पुन्हा," म्हणायचे, आणि पुन्हा त्या टोकापासून सुरू. आत्यांची मूठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी जुन्या मोज्यात चिंध्या भरून तो हाताला बांधला.

मग ते पडले.

माझ्या शाळेला सुट्टी होती. दुपारची वेळ, मी शेडच्या दारात वाल सोलत बसले होते. टेबलावर ताणलेल्या गोणपाटाचं एक टोक सुटून खाली फरशीवर लोळत होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरकताना मामांचा पाय त्यात अडकला. ते तिरके झाले. उजव्या हातात ठसा होता. कमरेला टेकलेली कड सुटली. तबक त्यांच्या कोपराला लागून खाली आलं. आत्या पलीकडे, मी दारात, आम्हा दोघींच्या हाती काहीच नव्हतं. मी ते पडणं पूर्ण बघितलं. त्यांचा डावा हात, जो जेवताना मांडीवर पडून असायचा, सदऱ्याची बाही आम्हाला घालावी लागायची तो हात, उघडला, पुढे गेला, आणि अंगाच्या आधी फरशीवर टेकला.

मग खांदा, मग कंबर. डोकं आपटलं नाही.

सगळीकडे लाल. आत्यांना ते रक्तच वाटलं, त्या किंचाळल्या. मी धावले. मामा कुशीवर पडले होते, डोळे उघडे, आणि मला क्षणभर अंगणातला तो दिवस दिसला. पण ते बोलले.

"कुणी हात लावू नका."

"अहो, लागलं का? कुठं लागलं?" आत्या टेबलाला वळसा घालून आल्या.

"थांबा की," मामा म्हणाले. त्यांनी डावा हात फरशीवरून उचलला. थरथरत होता, पण उचलला. खाली सिमेंटवर त्यांच्या पंजाचा छाप उठला होता, पाचही बोटं पसरलेली. ते आधी छापाकडे बघत राहिले, मग पंजाकडे.

"आला," ते आत्यांना म्हणाले. "अनुसूया, हात आला."

आत्या त्यांच्याशेजारी फरशीवर, रंगातच बसल्या. मीही बसले. मामा उताणे होत आढ्याकडे बघून हसायला लागले, आवाज न करता, पोट हलवत. "अय्यो," म्हणाले, "एवढंच होतं होय? जमीन एवढी जवळ होती?"

उठायचं कसं ते ईश्वरीनं शिकवून ठेवलं होतं. पडण्याआधीच शिकवलेलं बरं, असं तिचं म्हणणं. कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, गुडघ्यावर यायचं, जवळची खुर्ची धरायची. मी खुर्ची आणून ठेवली आणि मागे झाले. मागे होणं अवघड होतं. गुडघ्यावर येताना ते दोनदा परत खाली बसले. घामानं आणि रंगानं त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. पण ते उठले. खुर्चीला धरून उभे राहिले, आणि तिथून आम्हा दोघींकडे, खाली बसलेल्यांकडे, बघितलं. "तुम्ही उठणार की नाही?" म्हणाले.

संध्याकाळी पवन आला तेव्हा आत्यांनी त्याला सगळं सांगितलं आणि मग रडल्या. मग मामांवर रागावल्या. मामांच्या कमरेवर मोठा काळानिळा डाग आला होता. पवननं डॉक्टरांकडे नेऊन दाखवलं, हाड शाबूत होतं. डाग बरेच दिवस राहिला. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सदरा वर करून तो दाखवायचे, एखादं बक्षीस मिळाल्यासारखे. ईश्वरीला तर दोनदा दाखवला. ती म्हणाली, "अंकल, खूश होऊन पुन्हा पडू नका," आणि मग त्यांचा डावा पंजा दोन्ही हातांत धरून, बोटं एकेक करून उघडमीट करत, बराच वेळ बसली.

भीती गेली का? नाही. ओल्या फरशीवरून ते आजही जात नाहीत, आणि काळ्या पट्टीपाशी पाय एकदा घुटमळतोच. पण आता ते पोटभर पाणी पितात. आत्यांच्या हातावरचे निळे डाग गेले. डावा हात अजून बटण लावत नाही. कधी येतो, कधी येत नाही. मामा त्याला बोलावत बसत नाहीत.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते पहिल्यांदा फाटकाबाहेर पडले. काठी उजव्या हातात, डाव्या बाजूला मी, मागे आत्या. कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच ठरवलं होतं. ऊन उतरलं होतं. कॉलेजची मुलं क्लासला चालली होती, कडेनं स्कूटरी. थांब्यापाशी पोहोचलो आणि मी म्हटलं, वळू या. मामा वळेनात. दमलेत असं वाटून मी त्यांचा दंड धरला.

"सोड," ते म्हणाले. "बघू दे."

बस आली होती. पुरती थांबायच्या आत एक बाई उतरली, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात झोपलेलं मूल. तिचा पाय हवेत होता, मग रस्त्यावर होता, आणि ती पदर सावरत चालू लागली. एक मुलगी मोबाइलमध्ये बघत गटारीवरची फुटकी फरशी ओलांडून गेली. मामा त्या दोघींकडे, मग रस्त्यावरच्या प्रत्येकाकडे, तोंड किंचित उघडं ठेवून बघत होते.

"भाग्या, या बाईचा पाय बघितलास?"

"बघितला, मामा."

"तिला ठाऊक तरी आहे का, तिनं काय केलं ते?"

आत्या मागून म्हणाल्या, अंधार पडायच्या आत घरी जाऊ या. मामांनी मान हलवली, पण हलले नाहीत. दुसरी बस लांबून येताना दिसत होती. तिच्यातून उतरणाऱ्यांसाठी ते थांबले, म्हणून आम्हीही थांबलो.